ठाणे ते थर: नऊ दिवस, दोन अनोळखी घरं आणि एक तुपाचा डबा

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या पुढे. मजल्यावर चार फ्लॅट, आणि समोरच्या दाराआड कोण राहतं हे मला दीड वर्षाने कळलं, तेही त्यांचं कुरिअर चुकून आमच्याकडे आलं म्हणून. पाहुणा आला की गेटवरून मोबाइलवर विचारणा येते, आपण हो दाबलं की तो वर येतो, आणि आपला फोन चार्जिंगला असेल तर बिचारा वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा राहतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी एवढी का अवघडले ते कळेल.

प्लॅन साधा होता. ख्रिसमसच्या सुट्टीत गाडीने बाडमेर-जैसलमेर. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई, ज्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि "मी काही येत नाही बाई" असं तीन वेळा म्हणून सगळ्यात आधी बॅग भरतात. हॉटेलं बुक झालेली. तेवढ्यात नोव्हेंबरात किचनच्या ट्रॉलीचं बेअरिंग गेलं म्हणून सुतारदादांना बोलावलं. फ्लॅट घेतला तेव्हा सगळं फर्निचर त्यांनीच केलेलं. ठाण्यात फर्निचरचं काम करणारे बरेच जण बाडमेर, जालोर, पालीकडचेच असतात, हेही बाडमेरचेच. ट्रिपचं ऐकलं आणि स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरून तसाच घरी फोन लावला. "भाभीजी, घर के सामने से जाओगे और हॉटेल में रुकोगे?" मी हो हो म्हटलं, म्हणजे आपण ठाण्यात "या एकदा घरी" म्हणतो तसलं हो. त्यांनी ते खरं धरलं.

दिवस 1

पहाटे साडेचारला निघालो, गायमुखचा घाट रिकामा मिळावा म्हणून. मिळाला. वर्सोव्याचा पूल, मनोर, चारोटी, तलासरी, मग गुजरात. सासूबाईंच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वापीच्या आधीच संपली. भरूचला नर्मदा, वडोदऱ्यापुढे एक्सप्रेसवे, संध्याकाळी अहमदाबाद, हॉटेल, झोप. या दिवसाबद्दल याहून जास्त काही नाही.

दिवस 2

मेहसाण्याच्या पुढे हळूहळू हिरवं कमी होत गेलं. सांचोरला राजस्थान सुरू. त्याच्या पुढे लूणी नदी लागली, म्हणजे पाटी लागली आणि पूल लागला, पाणी नव्हतंच. अजमेरकडच्या अरवलीत उगम पावते आणि समुद्राला न मिळताच कच्छच्या रणात जिरून जाते, आणि बालोतऱ्याच्या खाली तिचं पाणी खारट होत जातं म्हणून नाव लूणी. लेक म्हणाली, मग ती पोचतच नाही कुठे? सासूबाई म्हणाल्या, तिला जिथे जायचं तिथे पोचते ती.

सुतारदादांचे मोठे भाऊ दुपारी दोनपासून दर अर्ध्या तासाने फोन करत होते. कहां पहुंचे. धोरीमन्ना. अच्छा, धीरे आओ. त्यांची ढाणी कवास गावाच्या बाजूला, हायवे सोडून आत. (ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, चारपाच घरं, आपल्याकडे वाडी म्हणतो तशी.) आम्ही आपसात ठरवलेलं की चहा घ्यायचा, सुतारदादांचा निरोप द्यायचा आणि बाडमेरच्या हॉटेलात जायचं. नवऱ्याने गाडीत तीनदा रिहर्सल केली, "बुकिंग है, कॅन्सल नहीं होगा."

फाट्यावर सुतारदादांचे हे मोठे भाऊ, म्हणजे भाईसा, मोटरसायकल घेऊन उभे होते. किती वेळ ते विचारलं नाही, पण पायाशी बिडीची तीन थोटकं दिसली. राम राम सा झालं आणि ते पुढे आम्ही मागे. अंगणात पोचलो तर खाटांवर राल्या अंथरलेल्या. राली म्हणजे आपली गोधडीच, तुकडे जोडून शिवलेली, फक्त रंग भडक आणि नक्षी भौमितिक. सासूबाईंनी बसायच्या आधी टाका बघितला. पास.

बुकिंगचं वाक्य नवऱ्याने म्हटलं. भाईसांनी शांतपणे ऐकून घेतलं, हॉटेलचं नाव विचारलं, फोन लावला, मारवाडीत दोन मिनिटं बोलले आणि म्हणाले, हो गया, उसने बोला पैसा वापस. हॉटेलवाला त्यांच्या ओळखीचा निघाला. आता काय बोलणार?

जेवताना कळलं की मनुहार म्हणजे काय असते. आपल्याकडे आग्रह असतो, पण आपल्या आग्रहात दोनदा नको म्हटलं की तिसऱ्यांदा सुटका होते हा एक अलिखित करार आहे. इथे तो करार नाही. बाजरीचा सोगरा (जाड भाकरी), त्यावर तुपाची अख्खी वाटी, कैर-सांगरीची भाजी, लसणाची लाल चटणी, कढी. भाईसा स्वतः वाढत होते आणि नवऱ्याने ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या बाजूने सोगरा सरकवला. "जीमो सा." सासूबाई एकदम म्हणाल्या, अगं जीमो म्हणजे जेवाच की. पाण्याला ही मंडळी पाणीच म्हणतात, हिंदीसारखं पानी नाही, आणि ळ अगदी आपल्यासारखा, काळो, पीळो, थाळी. तासाभराने माजीसा (भाईसांची आई) मारवाडीत बोलत होत्या, सासूबाई मराठीत, आणि विषय लोणच्याचा होता. मी हिंदीतून मध्यस्थी करायला गेले तर दोघींनी मला गप्प बसवलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जेवणाआधी हात धुवायला भाभीसांनी तांब्या दिला आणि मी घरच्या सवयीने भसाभसा ओतला, अर्धा तांब्या मातीत. कुणी काही बोललं नाही. मग त्यांच्या आठदहा वर्षांच्या मुलीने हात धुतले, ते एका लहान झाडाच्या आळ्यावर वाकून, बोटांवर घोटभर पाणी घेऊन. मी ते बघत होते हे तिने बघितलं आणि हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवस 3

सकाळी निघायचं होतं. "आज तो नहीं." एवढंच उत्तर. खरं सांगायचं तर मलाही निघायचं नव्हतं, पण मनात सारखं चालू होतं की आपण यांचं किती खातोय, किती राल्या अडवल्यात, यांची माणसं रात्री कुठे झोपली. पाहुणं होणं मला येत नाही हे मला चाळिशीत कळलं. उठून भांडी घासायला गेले तर भाभीसांनी हात धरून बाजूला केलं. (भांडी आधी राखेने आणि वाळूने घासतात, पाणी शेवटी नावापुरतं. स्टील असं चकाकतं की आमच्या डिशवॉशरने लाजावं.)

मग त्यांनी टांका दाखवला. अंगणाच्या पलीकडे जमिनीत खोल गोल हौद, वरून सिमेंटचं झाकण, झाकणाला कुलूप. सभोवतालची जमीन टांक्याच्या दिशेने उतरती करून चोपून घट्ट केलेली, तिला आगोर म्हणतात. पाऊस पडला की आगोरवरचं पाणी जाळी लावलेल्या भोकांतून आत उतरतं. आगोरवर चपला घालून जायचं नाही, शेळ्या सोडायच्या नाहीत. लेक पळत निघाली होती, तिला तिथल्या मुलीनेच दंडाला धरून थांबवलं. हे पिण्याचं पाणी. वापरायचं वेगळं, आणि ते कमी पडलं की टँकर.

मी म्हटलं, टँकर तो हमारे यहां भी आता है. भाईसांना वाटलं मी थट्टा करते. बंबई में? मग मी मोबाइलवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवले, आज सहा टँकर आले, उद्या शटडाऊन, पाणी जपून वापरा, बी विंगने गाड्या धुणं बंद करा. तिथे एवढा पाऊस पडतो ना, मग पाणी जातं कुठे, त्यांनी विचारलं. गटारात आणि खाडीत, म्हणजे बहुतेक. भाईसा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, छत कितना बड़ा है आपका? त्यांनी मनातल्या मनात आमच्या गच्चीचा टांका मोजला असणार.

आणि पावसावरून निघालं ते पुराचं. वाळवंटात पूर! ऑगस्ट 2006, कवास आणि आजूबाजूची गावं पाण्याखाली गेली. वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस दोनतीन दिवसांत पडला, वरच्या भागातलं पाणी लोटत सखल जागी आलं, आणि मुख्य म्हणजे ते जिरेचना, कारण इथे वाळूच्या खाली जिप्समचा थर आहे. पाणी आठवड्यांमागून आठवडे तसंच उभं. माणसं गेली, जनावरं तर मोजायच्या पलीकडे. भाईसांनी जुन्या घराच्या भिंतीवर डोक्याच्याही वर हात लावून दाखवलं, यहां तक. नवीन घर म्हणूनच टेकाडावर बांधलंय. मी त्यांना आमचा 26 जुलै 2005 सांगितला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर, मी तेव्हा कॉलेजात, विक्रोळीहून ठाण्यापर्यंत रुळांवरून चालत आले होते, कमरेएवढ्या पाण्यातून, एका अनोळखी काकूंची पिशवी धरून. मुलुंडला एका चाळीत कुणीतरी आम्हाला चहा आणि कोरडे टॉवेल दिले होते. त्या घराचं नाव मला माहीत नाही, दार कुठल्या बाजूला होतं तेही आता आठवत नाही. हे मी वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं बहुतेक, नवऱ्यालाही नाही, तो एकदम वळून बघायला लागला.

दुपारी तेलाच्या विहिरी बघायला नेलं, लांबून. शेतात लोखंडी पंप मान वरखाली करत उभे असतात, घोड्यासारखे. 2004 मध्ये इथे मंगला नावाचं मोठं तेलक्षेत्र सापडलं, तेव्हापासून बाडमेरचं चित्रच बदललं. भाईसांचा एक पुतण्या तिथे ड्रायव्हर आहे. शेजारी खेजडीची झाडं, त्याच्याच शेंगा म्हणजे सांगरी. खाली तेल, वर सांगरी आणि प्यायचं पाणी कुलपात!

दिवस 4

सकाळी निघताना खरी लढाई. सासूबाईंनी ठाण्याहून चार खण आणलेले, "कुणाकडे गेलं तर असावेत" म्हणून, मी तेव्हा त्यांना हसले होते. माजीसा, भाभीसा आणि जावेला हळदकुंकू लावून ओटी भरली. नारळ नव्हता, मग बदाम घातले. भाभीसांनी पदराखालून हळूच आपल्या दोन्ही मुलींना पुढे केलं, त्यांनाही कुंकू हवं होतं. नवऱ्याने मुलांच्या हातात खाऊचे म्हणून पैसे ठेवले, ते माजीसांनी घेऊ दिले, पण तेवढेच लेकीच्या हातात परत ठेवले, वर एक बांधणीची ओढणी. आणि गाडी सुरू झाल्यावर भाईसांनी खिडकीतून एक स्टीलचा डबा आत ढकलला. पाच किलोचा असेल, काठोकाठ तूप. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी हात मागे घेतले होते.

बाडमेर ते जैसलमेर दीडशेएक किलोमीटर, रस्ता लोण्यासारखा. किल्ला बघितला. 1156 साली रावळ जैसलने वसवलेला, अजून आत लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, गच्च्यांवर कॅफे झालेत. सुंदर आहे, पिवळा दगड संध्याकाळी खरंच पेटल्यासारखा दिसतो. पण फोटो सगळ्यांनी बघितलेत तर सोडून देते.

रात्र जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत, तंबूत. हे बुकिंग कॅन्सल होणारं नव्हतं, दुर्दैवाने. तंबूत गिझर, बाहेर डीजे, डझनभर कॅम्प एकमेकांना चिकटून आणि प्रत्येकाचा डीजे वेगळा. गेटवर टिळा लावून हार घातला आणि लगेच जीपसफारीचं रेटकार्ड हातात दिलं. जेवणात "राजस्थानी थाळी", तिच्यात कैर-सांगरी चमचाभर आणि मंचुरियन भरपूर. सासूबाईंनी सोगरा विचारला तर बटर नान आला. डीजे बंद झाल्यावर एक म्हातारे मांगणियार शेकोटीजवळ कमायचा घेऊन बसले, बोकडाच्या कातड्याने मढवलेलं जाडं वाद्य, आवाज एकदम खर्जातला, घसा बसलेल्या माणसासारखा. ऐकायला आम्ही सहाजण. मांगणियार मुसलमान, पिढ्यान्पिढ्या त्यांचे यजमान बहुतेक हिंदू राजपूत, आणि यजमानाच्या घरच्या जन्मलग्नाची गाणी यांच्याच तोंडी. तो अर्धा तास म्हणजे त्या कॅम्पचे सगळे पैसे वसूल.

दिवस 5

रामगढवरून तनोट. मंदिर बीएसएफचे जवान सांभाळतात, न फुटलेले तोफगोळे काचेत ठेवलेत. आम्ही मराठीत बोलतोय ऐकून एक जवान मागून आला, "कुठले तुम्ही?" तो साताऱ्याचा. पाच मिनिटं बोललो, त्याने लेकीला दोन लाडू जास्तीचे दिले आणि आईला म्हणजे आमच्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्यानंतर त्या बराच वेळ गप्प होत्या.

लोंगेवाला. 4 आणि 5 डिसेंबर 1971 ची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि शंभर-सव्वाशे जवान, समोर पाकिस्तानी रणगाडे, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. त्या रणगाड्यांतले काही तिथेच ठेवलेत. पाठ्यपुस्तकासारखं वाटेल म्हणून थांबते, पण तिथे उभं राहिलं की कळतं की लपायला काहीही नाही, नुसती सपाट वाळू.

आणि मग आमचा मूर्खपणा. परतीला मोबाइलच्या नकाशाने समकडे जाणारा आतला रस्ता दाखवला, चाळीस मिनिटं वाचतात म्हणून. नवरा म्हणाला घेऊ, मी पण हो म्हटलं, मीच चालवत होते, त्यामुळे कुणावर ढकलायची सोय नाही. आधी डांबर, मग डांबरावर वाळूचे पट्टे, मग एका ठिकाणी वाळूच वाळू. आमची गाडी दिसायला एसयूव्ही, जोर फक्त पुढच्या चाकांना. चाक फिरायला लागलं की घाबरून ॲक्सिलरेटर दाबायचा नसतो, मी दाबला. दोन मिनिटांत पुढचं तोंड बंपरपर्यंत वाळूत. साडेपाच वाजलेले, नेटवर्क नाही, आणि डिसेंबरात सूर्य गेला की थंडी कशी पडते ते कालच कळलेलं.

पाऊण तास हातांनी आणि लेकीच्या बीचवरच्या खेळण्यातल्या फावड्याने वाळू उपसली (ते फावडं गाडीत होतं कारण मे महिन्यात केळव्याला गेलो होतो, आमच्या डिकीतून काहीही कधी बाहेर निघत नाही). मग घंटा ऐकू आल्या. गाई, पांढऱ्या, थारपारकर जातीच्या, ती जात याच भागातली. मागे एक सोळासतरा वर्षांचा मुलगा. त्याने गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न, "पानी है पीने का?" दुसरा, "दादी को ठंड लगेगी, घर चलो." गाडी सुबह निकलेगी. हे त्याने विचारलं नाही, सांगितलं.

त्यांचं घर म्हणजे तीन गोल झोंपे आणि एक पक्की खोली. मुसलमान पशुपालक कुटुंब, म्हातारे चाचा, चाची, दोन मुलगे, सुना, पोरं. पक्की खोली आम्हाला दिली आणि त्यातली त्यांची स्वतःची अंथरुणं उचलून नेली. ते मी पाहिलं आणि काही बोलू शकले नाही.

आता जे झालं ते सरळच लिहिते. सासूबाई म्हणाल्या, मला भूक नाही. भूक होती. आम्ही सकाळपासून लाडूवर होतो. त्यांना तिथलं जेवायचं नव्हतं, आणि का ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, मला तर कान गरम झाल्यासारखं झालं. मी मराठीत कुजबुजत काहीतरी बोलले, तेही फार चांगलं नव्हतं. चाचींना मराठी येत नाही, हिंदीही तुटकच. त्या उठल्या, बाहेर गेल्या. मला वाटलं संपलं.

परत आल्या तेव्हा हातात पितळी परात होती, घासून लख्ख, आणि दुसऱ्या हातात कोरडं बाजरीचं पीठ. परात सासूबाईंसमोर ठेवली, चुलीकडे बोट दाखवलं आणि स्वतः चुलीपासून दोन हात लांब जाऊन बसल्या. म्हणजे तुमचं तुम्ही करा. सासूबाई त्या पिठाकडे बघत बसल्या थोडा वेळ. मग बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, पाणी दे गं थोडं. मी तांब्या दिला, त्यांनी त्यातलं ओंजळभर घेतलं, बाकीचं परत दिलं.

त्यांचं पीठ मळणं मी अठरा वर्षं बघतेय, तळहाताच्या उशीने रगडत, लांब ओढत. मग परातीत पीठ भुरभुरवून भाकरी थापायला लागल्या आणि सगळ्या सुना जवळ सरकल्या. कारण तिथे सोगरा दोन तळव्यांत थोपटून करतात, हवेत फिरवत, परातीत थापून पातळ करणं त्यांना नवीन. एवढी पातळ फुटत कशी नाही, धाकट्या सुनेने विचारलं. सासूबाईंनी तिचा हात धरून बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. चुलीत खींप नावाच्या झुडपाच्या काड्या आणि शेणी, जाळ एका बाजूला जास्त, त्यामुळे पहिली भाकरी करपली, दुसरी टम्म फुगली. ती फुगल्यावर पोरं ओरडली. सासूबाईंनी ती चाचींच्या पुढे धरली. मग कितवी कुणाला गेली ते राहिलं नाही, अठरावीस भाकऱ्या झाल्या असतील, दूध, गूळ, आणि आमचं गाडीतलं तूप, डब्यातून चमच्याने. शेवटी सासूबाईंनी चाचींनी केलेला एक जाड सोगराही मोडून घेतला. मी तिकडे बघितलं तर म्हणाल्या, बघतेस काय, जेव.

झोपताना दोघींचा विषय गुडघ्यांवर आला. चाचींनी गुडघा दाबून दाखवला, सासूबाईंनी आपला. बॅगेतलं दुखण्याचं मलम निघालं, दोघींनी लावलं. ती ट्यूब तिथेच राहिली, आणि सासूबाईंनी पुढचे चार दिवस जिना चढताना कुरकुर केली पण ट्यूबचं नाव काढलं नाही.

दिवस 6

सकाळी पाण्याच्या भांड्यावर हाताला टोचेल अशी थंडी. चहा शेळीच्या दुधाचा, लेकीला सांगितलं नाही, तिने दोन कप प्यायला. चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मुलांना कामाला लावलं. आधी टायरमधली हवा सोडली, तेहतीसवरून अठरापर्यंत, टायर चपटा झाला की वाळूवर पसरून पकडतो. मग चाकांपुढची वाळू उतरती उपसली आणि खींप आणि सणियाच्या झुडपांच्या पेंढ्या चाकांखाली कोंबल्या. हीच झुडपं झोंप्याच्या छपरालाही. ट्रॅक्टर बोलावलेला, तो आला मागून, दोरखंड, एक हिसका, आणि मला सूचना एकच, "रेस मत देना बहनजी, बस सीधा रखना." मी अगदी चिकटवल्यासारखी सरळ धरली. निघाली.

ट्रॅक्टरवाल्याने डिझेलचे दोनशे घेतले, मोजून, जास्त दिलेले परत केले. चाचांना पैशाचं विचारायची नवऱ्याची हिंमतच झाली नाही. त्याने विचारलं, आपके लिए क्या करें. चाचांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, त्यांचा धाकटा मुलगा पुढच्या वर्षी कामाला मुंबईकडे यायचं म्हणतोय, नंबर दे दो. नवऱ्याने नंबर दिला, पत्ता मराठीत लिहिला, मग खोडून हिंदीत लिहिला, मग कळलं की चाचांना दोन्ही वाचता येत नाही, ते त्या मुलाने घडी करून खिशात ठेवलं.

रामगढच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरली. तो हसला, रोज एक येतो म्हणे नकाशावाला. पोकरण मागे टाकून फलोदीला मुक्काम, लॉज, गरम पाणी. बादली भरताना मी अर्ध्यावर नळ बंद केला, मग स्वतःचंच हसू आलं आणि पूर्ण भरली.

दिवस 7

फलोदीजवळ खीचन. पहाटे तळ्याकाठी आणि दाण्याच्या अंगणात कुरजां पक्षी उतरतात, हजारोंनी, मंगोलिया आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरते आलेले. गावातले लोक पिढ्यांपासून त्यांना दाणे घालतात. गोंगाट असा की बोललेलं ऐकू येत नाही. सासूबाई म्हणाल्या, यांनाही कोणी आता निघा म्हणत नाही वाटतं. दुपारनंतर जोधपूर. मेहरानगड लेकीला आवडला, मला फार गर्दी वाटली.

दिवस 8 आणि 9

जोधपूर ते अहमदाबाद, पाली-सिरोहीवरून. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद ते ठाणे. वसईच्या खाडीपर्यंत वेळेत होतो, आणि मग गायमुखला अडकलो. नऊ दिवसांत अडीच हजार किलोमीटरहून जास्त, वाळवंटात एक रात्र, आणि सगळ्यात जास्त वेळ अडकून पडलो ते घरापासून सहा किलोमीटरवर, अडीच तास. इथे कुणी गाई घेऊन आलं नाही.

गेटवर गाडीचा टॅग वाचला जाईना, वाळूने भरलेला. नवीन वॉचमन, त्याने फ्लॅट नंबर विचारला, फोनवर विचारणा पाठवली, ती माझ्याच मोबाइलवर आली आणि मीच मला आत घेतलं.

आता राहिलाय तो डबा. तूप आम्ही अर्धं शेजारीपाजारी वाटलं (समोरच्या दारातही, पहिल्यांदाच), उरलेलं बरणीत काढलं. सुतारदादा होळीला गावी जाणार आहेत, बांद्र्याहून बाडमेरची गाडी आहे. काल बिजागरी बघायला आले तेव्हा म्हणाले, भाभीजी, डब्बा खाली दे दो, मैं ले जाऊंगा. सासूबाई आतून "रिकामा?" एवढंच म्हणाल्या आणि त्या स्वरावर ते बिचारे टेप गुंडाळून खाली बसले.

तेव्हापासून घरात वाद आहे. नारळाच्या वड्या प्रवासात टिकत नाहीत. डिंकाचे लाडू त्यांच्याकडेच आपल्याहून चांगले होतात. आमसुलं पाठवावीत तर ती कशात घालायची ते सांगावं लागेल. सध्या मेतकुटावर गाडी आली आहे, कारण तूप-भात तिकडेही खातात, आणि सासूबाईंनी माजीसांना फोनवर मेतकूट समजावून सांगायला सुरुवात केली आहे, मराठीत. पलीकडून हां हां ऐकू येतं. डबा ओट्यावर पालथा घातलाय, दोनदा घासला तरी तुपाचा वास जात नाही. आणि आज दुपारी त्यांनी वाण्याकडून चण्याची डाळ दीड किलो मागवली, म्हणजे एकच डबा भरायचा नसावा.